तयारीच्या आठवड्यातलं कॉकस

रविवारचं जेवण आर्डाकडे झालं आणि तिथेच बिनसलं.

बिनसलं म्हणजे आवाज वगैरे कोणाचा चढला नाही. हावरकांपांच्या घरात आवाज चढतच नाही. चढला असता तर बरं झालं असतं, दोन भावांनी आठ वर्षं एकमेकांकडे पाठ करून काढली नसती. जेवण रोजच्यासारखं प्रार्थनेने सुरू झालं. बीफ संपलं, बटाटे संपले, रश्शाचं भांडं पावाने पुसून झालं. आर्डाच्या वडिलांनी, ट्यूनिसनी, नेमाप्रमाणे बायबलमधला शास्त्रपाठ वाचला. आता शेवटची प्रार्थना व्हायची आणि मगच खुर्च्या सरकायच्या. त्या प्रार्थनेच्या 'आमेन'आधी टेबलावरून उठायची या घरात तान्ह्या पोरालाही परवानगी नव्हती. पण ट्यूनिसनी हात जोडलेच नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि आर्डा त्यांच्याकडे बघायला लागली. तिचे वडील चष्मा टेबलावर ठेवतात तेव्हा काहीतरी ठरवून झालेलं असतं, विचारायचं राहिलेलं नसतं.

"पुढच्या रविवारी मी प्रभुभोजन घेणार नाही," ते म्हणाले.

व्हर्लिनने हातातला काटा ताटलीत ठेवला. हा आर्डाचा थोरला भाऊ, डुकरांच्या चार शेडचा मालक आणि चर्चचा एल्डर. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये सगळ्यांनी वाटून खायच्या, भाकरीची ताटली घेऊन बाकाबाकापाशी जाणाऱ्यांतला एक. त्याची बायको मर्ना खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत बसली, जणू तिथे काहीतरी चाललंय.

"तब्येत बरी नाही का, डॅड?"

"तब्येतीला काय झालंय. सकाळी पास्टरांनी काय वाचलं ते ऐकलंस ना? तूच समोर उभा होतास."

सकाळी तयारीचा उपदेश झाला होता. प्रभुभोजनाच्या आधीच्या रविवारी तो होतोच. आठवडाभरात आपापलं मन तपासा, कोणाशी वाकडं असेल तर जाऊन सरळ करा, मगच मेजापाशी या. वर्षातून चार वेळा ऐकून ऐकून वेस्टरव्हेलच्या माणसांना ते पाठ झालंय, आणि पाठ झालेल्या गोष्टी आपण ऐकतो थोड्याच.

"आठ वर्षं मी तुम्हा दोघांच्या भांडणावर बसून ती भाकर खाल्ली," ट्यूनिस म्हणाले. "तुमची आई होती तोवर म्हणायचो, तिच्यासाठी गप्प बसू. ती गेली. तिच्या खड्ड्याच्या दोन काठांना दोघं उभे होतात, एक इकडे एक तिकडे. मला आता ती भाकर गिळवणार नाही."

व्हर्लिन म्हणाला की सगळं चर्च बघेल. ताटली घेऊन तोच त्या बाकाशी येणार आणि स्वतःचा बाप मान हलवून ती पुढे सरकवणार. गावात काय चर्चा होईल याचा तरी विचार करावा.

"करतोय ना. तूही कर."

मग त्यांनी चष्मा घातला, प्रार्थना केली, आमेन म्हणाले. खुर्च्या सरकल्या.

स्वयंपाकघरात भांडी पुसताना आर्डाने व्हर्लिनला गाठलं. दुसऱ्या दिवशी सोमवारी कॉकस होतं. पक्षातर्फे राष्ट्राध्यक्षपदाला कोणाला उभं करायचं ते आयोवात असं ठरतं. गावोगावची माणसं चर्चच्या तळघरात नाहीतर शाळेत जमतात, एकेक जण उठून आपल्या उमेदवाराची बाजू मांडतो, मग चिठ्ठ्या टाकतात. यंदा वेस्टरव्हेलच्या कॉकसची अध्यक्षा आर्डा होती. होती म्हणजे कोणी तयार झालं नाही आणि तिला नाही म्हणता आलं नाही. ती म्हणाली, एवढ्या वेळी तू बोलू नकोस. तुझ्याऐवजी दुसरं कोणी बोलेल.

"मला बोलायचंच आहे," व्हर्लिन म्हणाला, आणि तीच ताटली तिसऱ्यांदा पुसली.

रात्रीची भांडी व्हायच्या आधीच तिने डेलमरला फोन लावला. हा धाकटा, नांगर-ट्रॅक्टर दुरुस्त करायचं त्याचं वर्कशॉप. भांडणानंतर त्याने चर्चच बदललं होतं. बदललं म्हणजे रस्ता ओलांडला. वेस्टरव्हेलमध्ये डच माणसांची दोन चर्चं एकमेकांसमोर उभी आहेत. शंभर वर्षांपूर्वी कशावरून फुटली ते कोणालाच नीट सांगता येत नाही, पण आता जोडायची म्हटली तर भांडण होईल. तिने वडिलांचं सांगितलं. डेलमर म्हणाला, "आर्डा, सगळ्यांसमोर बोलला तो. मी नाही. मी काय सरळ करू, सांग."

ते खरंच होतं. आठ वर्षांपूर्वी त्याच तळघरात व्हर्लिन त्या वर्षीच्या एका उमेदवारासाठी, एका पाद्र्याच्या मुलासाठी, बोलायला उभा राहिला होता. डेलमर होता रेक्स डोलनच्या बाजूने. डोलन म्हणजे बांधकामवाला, मुष्टियुद्धाच्या लढती भरवणारा, तीन लग्नं केलेला, तोंडाने फाटका. बोलता बोलता व्हर्लिनने भावाकडे बघून म्हटलं होतं, "डोलनच्या नावाची चिठ्ठी टाकणारा माणूस रविवारी नेमक्या कुठल्या देवाची प्रार्थना करतो, ते मला तरी कळत नाही." डेलमर टोपी घेऊन निघून गेला होता. आईने त्यानंतर घरात राजकारणाचा शब्द बंद केला. अंगणात पाटी नाही, गाडीवर स्टिकर नाही, टेबलावर नाव नाही. त्यामुळे झालं असं, की कोण कोणाच्या बाजूने आहे हे घरात कोणी विचारत नव्हतं. विचारायचं काय त्यात, सगळ्यांना माहीतच होतं.

"तू उद्या बोलणार आहेस?" आर्डाने विचारलं.

"मला बोलायचंच आहे," डेलमर म्हणाला.

एकाच आईची लेकरं. आर्डाने फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आपला बाप चौऱ्याऐंशी वर्षांचा. रुसून बसायचा त्यांचा स्वभाव नाही. एकदा त्या मेजापाशी जायचे थांबले की परत जायचं धाडस त्यांना होणार नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तसेच, भाकरीवाचून, आईच्या कबरीशेजारी जातील. तिला रडू आलं, आणि रडून काय उपयोग म्हणून तिने कॉफीच्या मोठ्या किटल्या घासायला काढल्या.

सोमवारी हाडं गोठवणारी थंडी पडली. तरी लोक आले. वेस्टरव्हेलचे लोक लग्नाला एक वेळ चुकतील, कॉकसला नाही. चर्चच्या तळघराच्या जिन्याखाली ओल्या बुटांची रांग लागली. मागच्या लांब टेबलावर बायकांनी हॅम घातलेले पाव, बदामाचं सारण भरलेल्या लांब वळ्या आणि कॉफी मांडून वर फडकी टाकली होती. आधी काम, मग खाणं. चिठ्ठ्या गोळा करायला आर्डाने वरून अर्पणाच्या मखमली थैल्या आणल्या होत्या, रविवारी दान गोळा करायच्या, लांब दांड्यांच्या. दुसरं काही हाताशी नव्हतं.

वडिलांना तिने मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. व्हर्लिन डावीकडे भिंतीशी, डेलमर उजवीकडे दाराशी. मधे अख्खं गाव. आर्डाने राष्ट्रध्वजाची शपथ म्हणवून घेतली, नियम सांगितले, दर उमेदवारामागे एकानेच बोलायचं, तीन मिनिटं, कोणाचं नाव घेऊन टोमणा मारायचा नाही. हे शेवटचं नियमात नव्हतं, तिने घातलं. लोकांनी एकमेकांकडे बघितलं. सगळ्यांना आठ वर्षांपूर्वीचं आठवत होतंच.

पहिली पाळी व्हर्लिनची निघाली. तो पुढे आला, घसा खाकरला, वडिलांकडे न बघता बोलायला लागला.

"तीस वर्षं मी देवभीरू उमेदवारांना घरचा केक खायला घातलाय. आमच्या शेडमध्ये आले, खांद्यावर हात ठेवून डोळे मिटून माझ्यासोबत प्रार्थना केली. वॉशिंग्टनला गेले, आणि डोळे काही उघडले नाहीत." लोक हसले. "रेक्स डोलनच्या तोंडाची मला लाज वाटते. पण तो त्याच्या राज्यात गव्हर्नर झाला, न जन्मलेल्या लेकरांसाठी गर्भपातबंदीचा कायदा करतो म्हणाला, आणि केला. आपल्याला पास्टर निवडायचा नाहीये. पास्टर आपल्याकडे आहे. मी डोलनच्या बाजूने आहे."

आर्डाला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने मर्नाकडे पाहिलं. मर्ना मांडीवरच्या हातमोज्यांकडे बघत होती, तिला माहीत होतं. ट्यूनिसची मान किंचित पुढे आली. आणि डेलमर दाराशी होता तसाच उभा, तोंड अर्धवट उघडं.

"गव्हर्नर वेंडेल ॲशबींच्या बाजूने कोण बोलणार?" आर्डाने विचारलं. ॲशबी रोज रात्री कुटुंबासोबत शास्त्रपाठ वाचणारा, मवाळ, हवामानाचा अंदाज वाचावा तसा बोलणारा.

दाराकडून डेलमर निघाला.

वाटेत, भिंतीकडे परतणाऱ्या व्हर्लिनच्या जवळून तो गेला, आणि दोघा भावांनी आठ वर्षांत पहिल्यांदा एकमेकांच्या तोंडाकडे नीट बघितलं. त्यात राग नव्हता. दोघंही पार गोंधळलेले होते.

"मी आठ वर्षं डोलनच्या नावाची टोपी घातली," डेलमर म्हणाला. त्याला बोलायची सवय नाही, स्पॅनर धरावा तशी त्याने खुर्चीची पाठ धरली होती. "मागच्या शरदात संध्याकाळी मी मॉमजवळ बसायचो. टीव्ही चालू असायचा. एकदा डोलन स्टेजवर एका म्हातारीची नक्कल करत होता. तिने त्याला काहीतरी प्रश्न विचारला होता. तिचा हात कसा थरथरतो ते करून दाखवत होता. लोक हसत होते. मीही हसलो, सवयीने. मग मी मॉमच्या हाताकडे बघितलं. चादरीवर होता. तसाच थरथरत होता." तो थांबला. "ती काही बोलली नाही. पेपरमिंट दे म्हणाली. एवढंच. ॲशबी कंटाळवाणा आहे, मला मान्य आहे. पण ती टोपी मला परत घालता आली नाही."

आर्डाला हे माहीत नव्हतं. आईच्या खोलीतलं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिने पटकन समोरच्या कागदांवर नजर वळवली आणि तिला एक अक्षर दिसेना.

तेवढ्यात मागून हिल्को ब्रूअर बोलला. हा म्हातारा जिभेला हाड नसलेला, चाळीस वर्षं गावाचं धान्याचं कोठार सांभाळलेला.

"काय रे व्हर्लिन, मग आता तू कुठल्या देवाची प्रार्थना करतोस म्हणायचं?"

सगळं तळघर हसलं. हसू फुटलं ते फुटलंच, आठ वर्षं दाबून ठेवलेलं असल्यासारखं. व्हर्लिनची मान खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हसू ओसरलं तसे सगळे डेलमरकडे बघायला लागले. तो अजून पुढेच उभा होता, आणि बोलायची पाळी त्याचीच होती. व्हर्लिनचंच ते वाक्य, त्याच जागी, कोणीतरी ताटात वाढून दिलं होतं. नुसतं उचलायचं होतं. आर्डाने सभेची लाकडी हातोडी उचलली, पण टेबलावर मारवेना. वडिलांचे हात गुडघ्यांवर आवळलेले तिला दिसले.

"त्याच देवाची करतो, हिल्को," डेलमर म्हणाला. "लहानपणी एकाच खाटेशी गुडघे टेकून करायचो. तो नेहमी माझ्यापेक्षा लांबलचक करायचा. माझे पाय गारठायचे."

कोणी हसलं नाही. भिंतीशी व्हर्लिन उभा राहिला. त्याची पाळी संपली होती, नियमाने त्याला बोलता येत नव्हतं, आणि अध्यक्षबाईंनी तिकडे साफ दुर्लक्ष केलं.

"मी त्या दिवशी बोललो ते चूक होतं," तो म्हणाला. "आज मी पलीकडे गेलो म्हणून म्हणत नाही. मी जिथे होतो तिथेच असतो तरी चूकच होतं. ते मला दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं होतं. डेल, मला तुझ्या दारात यायला आठ वर्षं पाय उचलला नाही." मग थोडं थांबून, "माफ कर," असं तो इतक्या हळू म्हणाला की मागच्यांना ऐकूही गेलं नसेल. डेलमरला गेलं. त्याने मान हलवली, खुर्ची सोडली, आणि आता काय करावं हे न कळून तिथेच उभा राहिला.

तेव्हा ट्यूनिस उठले.

त्यांना कोणी उठायला सांगितलं नव्हतं. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, म्हणाले, "आपण प्रार्थना करू." माना खाली गेल्या, ट्यूनिस हावरकांप प्रार्थना करू म्हणतात तेव्हा वेस्टरव्हेलमध्ये कोणी का म्हणून विचारत नाही. आवाज त्यांचा फाटला होता. शब्द शोधायची शक्ती नव्हती, म्हणून साठ वर्षं जे रोज तीनदा म्हटलं तेच तोंडातून आलं. हे प्रभू, या अन्नाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो, तू आम्हाला तृप्त केलंस, आता आम्हाला उठव आणि आमच्या कामाला पाठव. आमेन.

जेवणानंतरची प्रार्थना. अन्नावरचं फडकंही अजून कोणी काढलं नव्हतं.

पण आमेन ते आमेन. सगळ्या तळघरात एकदम खुर्च्या सरकल्या. माणसं उठली, पाय मोकळे करत मागच्या टेबलाकडे वळली, फडकी निघाली, किटल्यांचे नळ सुटले. काही म्हाताऱ्यांनी तर जाऊन कोट चढवले. आर्डा हातोडी धरून पुढे एकटी उभी. तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला की आजची सभा आटोपली आहे आणि मत एकानेही दिलेलं नाही.

ती टेबल बडवत ओरडली, अहो थांबा, चिठ्ठ्या राहिल्या. कोणी ऐकेना. आईच्या पोटातून शिकून आलेली सवय, तिच्यापुढे अध्यक्षबाई काय करणार. आणि खरं सांगायचं तर आर्डाला फार ओरडावंसंही वाटत नव्हतं. किटलीपाशी तिचे दोघे भाऊ उभे होते. व्हर्लिनने कप भरून डेलमरला दिला. दोघं काय बोलत होते ते तिला ऐकू आलं नाही. नंतर मर्नाने सांगितलं की शेडमधल्या पंख्याच्या मोटरबद्दल बोलत होते, ती कधीपासून आवाज करतेय आणि व्हर्लिनने ती दोनदा दुसऱ्या गावी नेऊन दुरुस्त करून आणली होती. डेलमर म्हणाला म्हणे, त्यांनी वाट लावली असणार. उद्या घेऊन ये.

शेवटी आर्डाने थैल्या उचलल्या आणि खाणाऱ्या लोकांमधूनच फिरली. एका हातात पाव, दुसऱ्या हाताने चिठ्ठी. थैली पुढे आली की खिशात हात जायचाच, त्यामुळे उलटल्यावर चिठ्ठ्यांबरोबर डॉलरच्या नोटाही निघाल्या आणि चिकटलेलं एक पेपरमिंट. नोटा पास्टरांच्या गोरगरिबांच्या पेटीत गेल्या. पेपरमिंट आर्डाने खाल्लं. डोलन आणि ॲशबी यांना सारखीच मतं पडली होती, एक इकडे नाही एक तिकडे नाही. दोनदा मोजली. तसा आकडा तिने पक्षाला कळवून टाकला.

रविवारी डेलमर रस्ता ओलांडून आला. बायको-मुलांसकट आला, जुन्या बाकावर वडिलांशेजारी बसला, आणि मागच्या बाकांवरच्या बायकांची उपदेशाकडे लक्ष देण्याची सोय उरली नाही. व्हर्लिन भाकरीची ताटली घेऊन त्या बाकाशी आला. ट्यूनिसनी ती हातात घेतली. क्षणभर ते भाकरीकडे बघतच राहिले. मग त्यांनी तुकडा उचलला आणि ताटली डेलमरकडे दिली. आर्डाने रडून घेतलं, अगदी उघड, रुमाल वगैरे न शोधता. किती हलकं वाटलं तिला ते सांगता येत नाही. आई असती तर, एवढाच एक विचार आला, आणि तोही फार टोचला नाही.

दुपारी जेवण पुन्हा आर्डाकडे. टेबलाला दोन फळ्या जास्त लावाव्या लागल्या. पहिल्यांदा सगळे जरा जपूनच बोलत होते, पाव दे, मीठ दे. आईचा नियम अजून टेबलावर होता. तो मोडला डेलमरनेच.

"बरोबरीत सुटलं ना शेवटी," तो म्हणाला. "अजून एक मत पडतं तर ॲशबी गेला असता पुढे."

"डोलन गेला असता," व्हर्लिन म्हणाला.

आर्डाने डोळे मिटले. पण ट्यूनिस बटाट्यावर रस्सा ओतत सहज म्हणाले, "माझं राहिलंच द्यायचं. मी कॉफी घेत होतो."

दोघे भाऊ एकदम त्यांच्याकडे वळले.

"राहिलं म्हणजे?" व्हर्लिन म्हणाला. "साठ वर्षांत एक कॉकस चुकवलं नाही तुम्ही."

"थैली तुमच्या समोरून गेली, डॅड," डेलमर म्हणाला. "मी बघितली."

"हातात पाव होता."

"पाव खाली ठेवायचा होता ना. दुसरा हात होता."

"एवढी माणसं थंडीत आली, तुम्ही पहिल्या रांगेत बसलात, आणि मत तेवढं दिलं नाही. आणि सगळ्यांना उठवून लावलंत ते वेगळंच."

"तेच म्हणतोय मी," डेलमर भावाला म्हणाला. "त्यांना पहिल्या रांगेत बसवलं कोणी? आर्डाने."

झालं. आता दोघं मिळून तिच्यावरही घसरले. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता, लहानपणी धान्याच्या गाडीवरून पडल्याचा दोष तिच्यावर टाकायचे तसं. आर्डाने भरपूर ऐकून घेतलं. ट्यूनिस नुसते खाली बघून जेवत होते आणि मधूनमधून त्यांचे खांदे हलत होते. ते हसताहेत हे कळायला तिला वेळ लागला, कारण आई गेल्यापासून तिने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"मग द्यायचं कोणाला होतं तुम्हाला?" शेवटी व्हर्लिनने विचारलं.

"ते ठरलं नव्हतं," ट्यूनिस म्हणाले. "आता गप्प बसा दोघं. प्रार्थना राहिलीय."

त्यांनी हात जोडले आणि तीच रोजची प्रार्थना म्हटली. या अन्नाबद्दल आभार, तू आम्हाला तृप्त केलंस, आता आम्हाला उठव.

आमेन झालं. आर्डा खुर्च्या सरकण्याची वाट बघत होती. कोणीच उठलं नाही.